जाहिरातींत वक्तृत्व क्लबचे नाव येते, पण त्यामुळे क्लब लोकांना कळतो का?

तिलकनगरकर

इंदूरच्या एका एफएम वाहिनीवर सध्या एका निवासी संकुलाची जाहिरात लागते. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा आणि ज्येष्ठांसाठी बाग यांच्या पाठोपाठ निवेदिका 'पब्लिक स्पीकिंग क्लब' असेही एका दमात म्हणते आणि लगेच चौरस फुटाच्या दराकडे वळते. एका खासगी शाळेच्या प्रवेशपत्रकात 'टोस्टमास्टर्स' हे नाव रोबोटिक्स आणि घोडेस्वारी यांच्या मधोमध छापलेले मी पाहिले. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांच्या फलकांवर तर अशी नावे भंवरकुआँपासून विजयनगरपर्यंत दिसतात.

मी अशाच एका क्लबचा जुना सदस्य आहे आणि क्लबविषयी मला मनापासून जिव्हाळा आहे. काही वर्षांपूर्वी कोणाला सांगायला गेलो, तर हे नावच कोणी ऐकलेले नसे. आता नाव ऐकलेले असते, पण सभेला आलेला पाहुणा पहिल्यांदा विचारतो, "सर कोण आहेत, आणि कोर्स किती महिन्यांचा आहे?" आमच्याकडे सर नसतात आणि कोर्स संपल्याचे प्रमाणपत्र घेऊन घरी जायचे, असाही प्रकार नसतो. काही पाहुणे हे ऐकून चहा घेतात, सभ्यपणे निरोप घेतात आणि पुन्हा येत नाहीत.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा ॲना येथे, वायएमसीएच्या इमारतीत, टोस्टमास्टर्स या चळवळीचा पहिला क्लब सुरू केला. आज सुमारे दीडशे देशांत या संस्थेचे क्लब आहेत. संस्था नफ्यासाठी चालत नाही. सभेत काही सदस्य तयार भाषणे करतात, काही जण आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर एक-दोन मिनिटे बोलतात आणि प्रत्येक तयार भाषणाचे मूल्यमापन दुसरा सदस्यच सर्वांसमोर करतो. शिकणारे आणि शिकवणारे वेगळे नसतात, आणि नेमकी हीच गोष्ट एकाही जाहिरातीत सांगितली जात नाही.

माझा प्रश्न असा आहे की, अशा ओझरत्या उल्लेखांनी क्लबची माहिती समाजात वाढते आहे, की चुकीची अपेक्षा वाढते आहे? आपले अनुभव जरूर लिहावेत.

अनघा_पलासिया

मी ओझरत्या उल्लेखामुळेच क्लबमध्ये आले, म्हणून त्याची बाजू मांडते. नोकरी शोधत असताना वर्तमानपत्रातील एका पदभरतीच्या जाहिरातीत पात्रतेच्या शेवटच्या ओळीत 'टोस्टमास्टर्सचा अनुभव असल्यास प्राधान्य' असे लिहिले होते. ते काय असते हे मला ठाऊक नव्हते. मी शोधले, चौकशी केली आणि पुढच्या सभेला जाऊन मागच्या रांगेत बसले. ती नोकरी मला मिळाली नाही, पण क्लब मिळाला. त्या जाहिरातीत सभेचे वर्णन असते, तर कदाचित भीतीने मी गेलेच नसते. केवळ नाव होते, म्हणून कुतूहल राहिले.

मल्हारी_इंदूर

माझा अनुभव अगदी उलट आहे. एका प्रशिक्षणवर्गाच्या हस्तपत्रिकेत क्लबचे नाव मोठ्या अक्षरांत होते, म्हणून मी पैसे भरले. प्रत्यक्षात तेथे ठरावीक तासिका होत्या, एकच गृहस्थ बोलत होते आणि आम्ही वहीत लिहून घेत होतो. नंतर एका खऱ्या सभेला गेलो, तेव्हा दोन्हींत किती अंतर आहे हे समजले. माझ्यासारखे किती जण त्या वर्गालाच क्लब समजून बसले असतील, याचा मला आजही खेद होतो.

फलकलेखक

जाहिरात क्षेत्रात बरीच वर्षे काम केले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आमच्या व्यवसायात ओळखीच्या दोन पायऱ्या मानतात. नाव सांगितल्यावर "हो, ऐकले आहे" असे म्हणणे ही पहिली पायरी, आणि गरज पडल्यावर कोणी न सांगता ते नाव आपणहून आठवणे ही दुसरी. ओझरता उल्लेख पहिल्या पायरीपर्यंत नेतो. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दाखवले की, एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आली तरी तिच्याविषयी अनुकूल भावना निर्माण होते, मग तिचा अर्थ कळलेला असो वा नसो. म्हणून अनघाताईंना आलेला अनुभव खरा आहे आणि तो अपवादही नाही.

परंतु दुसऱ्या पायरीसाठी ते नाव एखाद्या प्रसंगाशी जोडले जावे लागते. आपल्या शहरात रोटरी आणि लायन्स ही नावे कोणाला माहीत नाहीत? बसण्याच्या बाकांवर, पाणपोयांवर, रक्तदान शिबिरांच्या कापडी फलकांवर ती अनेक दशके लिहिलेली आहेत. रोटरीची सुरुवात १९०५ ची आणि लायन्सची १९१७ ची. तरीही त्यांच्या नियमित सभेत काय घडते, असे रस्त्यावरच्या दहा माणसांना विचारून पाहावे. बहुतेकांना रक्तदान आणि नेत्रशिबिर आठवेल. या संस्थांना तेवढे पुरते, कारण लोकांनी शिबिरात यावे हीच त्यांची अपेक्षा असते. वक्तृत्व क्लबला मात्र लोकांनी सभेतच यायला हवे असते. त्याची सेवा सभेच्या बाहेर कोठे दिसतच नाही, म्हणून बाकावर लिहिलेल्या नावाचा त्याला फारसा उपयोग होत नाही.

निवासी संकुलाच्या जाहिरातीत क्लबचे नाव येते, तेव्हा ते संकुलाची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी उसने घेतलेले असते. त्या उल्लेखातून क्लबला काय मिळावे, याचा विचार जाहिरात देणाऱ्याने केलेला नसतो आणि तो त्याने करावा अशी अपेक्षाही आपल्याला ठेवता येणार नाही.

सुनीता_रामबाग

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे. वक्तृत्वासाठी आपल्याला परदेशी क्लबच्या जाहिरातींची वाट का पाहावी लागावी? न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिची धुरा वाहणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. इंदुरात अभ्यास मंडळाची व्याख्यानमाला पिढ्यान्‌पिढ्या ऐकली जाते आहे. गणेशोत्सवात मंडळामंडळांतून वक्तृत्व स्पर्धा होत असत, आणि माझे कित्येक विद्यार्थी तेथेच प्रथम उभे राहिले. या कशाचीच जाहिरात नभोवाणीवर होत नव्हती. मंडळाच्या फळ्यावर खडूने विषय आणि वेळ लिहिलेली असे, आणि तेवढ्याने सभागृह भरत असे.

आपल्याच परंपरेत 'वक्ता दशसहस्रेषु' म्हटलेले आहे. दहा हजारांत एकच वक्ता निपजतो, असे मानणाऱ्या समाजाने त्या एकाला घडवण्याची व्यवस्था मात्र केली होती.

सुयोग_एमआर

सुनीताताई, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून एक मतभेद नोंदवतो. व्याख्यानमालेत एक जण बोलतो आणि पाचशे जण ऐकतात. तिने श्रोते घडवले आणि उत्तम घडवले. स्पर्धेत मूल पाठ केलेले भाषण म्हणते, त्याला क्रमांक मिळतो किंवा मिळत नाही, पण तो का मिळाला नाही हे बहुधा कोणी सांगत नाही.

क्लबमध्ये पहिले भाषण स्वतःची ओळख करून देणारे असते आणि त्याला चार ते सहा मिनिटे मिळतात. वेळ पाहणारा सदस्य हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड दाखवतो. दुसरा सदस्य आपण किती वेळा 'अं' म्हणालो, विनाकारण एकच शब्द किती वेळा वापरला, ते मोजतो. (आम्हा इंदूरकरांच्या मराठीत 'तो', 'है ना' आणि 'मतलब' यांची गणना सुरू झाली की मोजणाऱ्याचा कागद पुरत नाही.) शेवटी मूल्यमापन करणारा दोन-तीन मिनिटांत चांगले काय होते आणि पुढच्या वेळी काय बदलावे, हे सांगतो. मी औषध कंपनीत प्रतिनिधी आहे. डॉक्टरांसमोर माझे वाक्य अर्धवट तुटत असे, ते या मूल्यमापनामुळे सुधारले. आपल्याला दहा हजारांत एक होण्याची गरज नाही. आपल्या कामापुरते नीट बोलता यावे, एवढीच बहुतेकांची इच्छा असते, आणि हेच जाहिरातीत यायला हवे, असे मला वाटते.

सुनीता_रामबाग

सुयोग, आपला मुद्दा मी मान्य करते. स्पर्धेत हरलेल्या मुलाला कारण सांगणारा कोणी नसे, हे खरेच आहे. माझा आग्रह एवढाच आहे की, क्लबची ओळख करून देताना त्याला या परंपरेपासून तोडू नये. इंदूरच्या मराठी घरांत 'पब्लिक स्पीकिंग क्लब' हे शब्द परके वाटतील, पण व्याख्यानमालेला जाणाऱ्या माणसाला "आता बोलण्याची पाळी आपली" असे सांगितले, तर तो लगेच समजून घेईल.

राजवाडा_निवासी

शाळेच्या प्रवेशपत्रकाविषयी एक तपशील सांगणे आवश्यक आहे. या संस्थेच्या नियमित क्लबचे सदस्य होण्यासाठी वय किमान १८ वर्षे असावे लागते. शाळेतील मुलांसाठी गॅव्हल क्लब असतो, किंवा युवा नेतृत्व कार्यक्रम नावाची आठ सत्रांची कार्यशाळा असते, आणि ती स्थानिक क्लबचे सदस्य चालवतात. म्हणजे शाळा मुलांना 'टोस्टमास्टर' करणार असे पत्रकात लिहिले असेल, तर पालकांनी नेमके काय होणार आहे, कोण चालवणार आहे आणि त्यासाठी वेगळे शुल्क आहे का, हे विचारून घ्यावे. दुसरे असे की, हे नाव आणि बोधचिन्ह नोंदणीकृत आहे आणि ते आपल्या मर्जीने कोणत्याही धंद्याच्या फलकावर छापता येत नाही. मल्हारीभाऊंनी पाहिलेली हस्तपत्रिका या दृष्टीनेही गंभीर आहे.

केतकी_व

आपल्याकडे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तक्रार करता येते, हेही या निमित्ताने सांगते. जाहिरात मानक परिषद ही जाहिरात क्षेत्राने स्वतःच १९८५ मध्ये उभी केलेली संस्था आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय प्राधिकरणालाही अशा जाहिरातींवर कारवाईचे अधिकार आहेत. मात्र तक्रारीसाठी जाहिरातीचे छायाचित्र, तारीख आणि दिलेले आश्वासन जपून ठेवावे लागते. '३० दिवसांत निर्भय वक्ता' असे आश्वासन छापलेले असेल आणि त्याला आधार नसेल, तर ते छायाचित्र नक्की काढून ठेवावे.

डॉ_निमाड

निर्भयतेचा विषय निघाला, म्हणून लिहिते. वक्तृत्वाच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास असते: 'माणसाला मृत्यूपेक्षाही व्यासपीठाची भीती अधिक वाटते.' त्याचे मूळ अमेरिकेतील ब्रुस्किन संस्थेने १९७३ मध्ये केलेल्या पाहणीत आहे. लोकांना भीतीच्या गोष्टींची यादी देण्यात आली होती, आणि समूहासमोर बोलणे ४१ टक्के लोकांनी, तर मृत्यू १९ टक्के लोकांनी निवडला होता. त्यांतील सर्वांत मोठी भीती कोणती, असे त्यांना विचारलेलेच नव्हते. ड्वायर आणि डेव्हिडसन या संशोधकांनी २०१२ मध्ये विद्यार्थ्यांवर हाच प्रश्न पुन्हा तपासला. भाषणाची भीती अधिक जणांनी निवडली, हे त्यांनाही आढळले, परंतु सर्वांत मोठी भीती कोणती असे विचारल्यावर मृत्यूच पहिला आला.

याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. भीती फुगवून सांगितली की, आधीच घाबरलेल्या माणसाला आपण एखाद्या आजाराने ग्रस्त आहोत असे वाटू लागते. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांत मी हे पाहते. हात थरथरणे, घसा कोरडा पडणे, छाती धडधडणे या शरीराच्या नेहमीच्या प्रतिक्रिया आहेत, आणि ओळखीच्या, समजूतदार लोकांसमोर पुन्हा पुन्हा उभे राहिल्याने त्या बऱ्याच कमी होतात. क्लबमध्ये नेमके हेच घडते. जाहिरातीने मृत्यूचा उल्लेख करण्यापेक्षा 'येथे सर्व जण शिकत आहेत' एवढे सांगितले, तर तिचा अधिक उपयोग होईल.

गुलमोहर_भाषी

जाहिरातीमुळे माणूस वक्तृत्वाकडे वळल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे आणि ते क्लबचे नसून वर्गाचे आहे. डेल कार्नेगी यांनी न्यूयॉर्कमध्ये १९१२ मध्ये भाषणाचे वर्ग सुरू केले, तेही वायएमसीएमध्येच. गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी अनेक मुलाखतींत सांगितले आहे की, तरुणपणी त्यांना चार लोकांसमोर बोलण्याच्या कल्पनेनेही अस्वस्थ वाटत असे. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना वर्तमानपत्रात जाहिरात पाहून ते या वर्गासाठी शंभर डॉलरचा धनादेश देऊन आले आणि नंतर घाबरून त्यांनी तो थांबवला. ओमाहाला परतल्यावर त्यांनी पुन्हा तशीच जाहिरात पाहिली आणि या वेळी शंभर डॉलर रोख दिले. तेथील प्रमाणपत्र त्यांच्या कार्यालयात भिंतीवर लावलेले आहे.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे, जाहिरात दुसऱ्यांदा दिसली तेव्हा काम झाले. दुसरी म्हणजे, त्या जाहिरातीत कोठे जायचे आणि काय भरायचे हे स्पष्ट होते, म्हणून निश्चय टिकेपर्यंत माणूस तेथे पोहोचू शकला. निवासी संकुलाच्या जाहिरातीतील उल्लेखात पत्ता, वार आणि वेळ यांतले काहीच नसते.

प्रशिक्षक_एबी

मी व्यावसायिक प्रशिक्षक आहे आणि माझ्या पत्रकावर क्लबमध्ये मिळवलेली 'डी.टी.एम.' (डिस्टिंग्विश्ड टोस्टमास्टर) ही पदवी लिहिलेली असते. येथे प्रशिक्षकांविषयी बरीच टीका झाली, म्हणून आपली बाजू मांडतो. ती पदवी या शिक्षणक्रमातील सर्वोच्च आहे आणि ती मिळवायला भाषणांबरोबर क्लबची व नव्या सदस्यांची जबाबदारीही अनेक वर्षे सांभाळावी लागते. ती मी प्रामाणिकपणे मिळवली आहे, मग ती लिहिण्यात गैर काय? उलट, माझ्या पत्रकावरील ती अक्षरे पाहून अनेक जण विचारतात आणि मी त्यांना क्लबचा पत्ता देतो. ज्याला मार्गदर्शक हवा आणि घाई आहे, त्याने माझ्या वर्गात यावे. ज्याला नियमित सराव हवा, त्याने क्लबमध्ये जावे. काही जण दोन्हीकडे येतात.

मल्हारी_इंदूर

साहेब, आपल्यासारखे सांगणारे असतील, तर माझी काहीच तक्रार नाही. मला मिळालेल्या हस्तपत्रिकेत वर्ग आणि क्लब वेगळे आहेत, हे कोठेही लिहिलेले नव्हते. आपण आपल्या पत्रकावर ती एक ओळ वाढवली, तर क्लबचे आणि आपले दोघांचेही भले होईल.

प्रशिक्षक_एबी

ही सूचना योग्य आहे. पुढच्या छपाईत ती ओळ नक्की घेईन.

मांडवी_वडोदरा

वडोदऱ्याहून लिहिते. दांडियाबाजार आणि त्याच्या आजूबाजूच्या जुन्या मराठी वस्तीतील माझ्या ओळखीच्या बायका उत्तम बोलतात. हळदीकुंकवाचे निवेदन, भजनी मंडळाचे सूत्रसंचालन, सोसायटीच्या सभेतील वाद यांत त्या कोणालाही हार जात नाहीत. पण क्लबच्या जाहिराती इंग्रजीत असतात आणि चित्रात कोट घातलेला तरुण असतो, त्यामुळे हे आपल्यासाठी नाही असे त्यांनी केव्हाच ठरवून टाकले आहे. वस्तुतः सभा कोणत्या भाषेत घ्यायची, हे क्लब ठरवू शकतो. तमिळ भाषकांनी आपले क्लब उभे केले आणि शिक्षणक्रमाचे साहित्यही तमिळमध्ये उपलब्ध झाले.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. या संस्थेने स्त्रियांना अधिकृत सदस्यत्व १९७३ मध्ये दिले, म्हणजे स्थापनेनंतर जवळजवळ अर्धे शतक ते केवळ पुरुषांचे क्लब होते. आज स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, पण जाहिरातीतील चित्र पाहून ते कळत नाही. ओळख वाढवायची असेल, तर चित्रात कोण दिसते, याचा विचार आधी करावा.

फलकलेखक

मांडवीताईंचा मुद्दा अतिशय महत्त्वाचा आहे. १९८० च्या दशकात इंग्रजी संभाषण शिकवणाऱ्या एका पुस्तकाच्या जाहिरातीत कपिल देव असत. लहान शहरातून आलेला, शाळेत इंग्रजीत न वाढलेला खेळाडू जगासमोर बोलतो आहे, हे चित्र पाहून लाखो घरांना ते पुस्तक आपले वाटले. कोट घातलेल्या तरुणाच्या चित्राने तसा विश्वास निर्माण होत नाही. शिवाय २०११ मध्ये टोस्टमास्टर्सने आपले बोधचिन्ह आणि घोषवाक्य बदलले आणि नव्या घोषवाक्यात भाषणापेक्षा नेतृत्वावर भर दिला. कंपन्यांना ते आकर्षक वाटते, परंतु रामबागेतील गृहिणीला किंवा सुयोगसारख्या प्रतिनिधीला नेतृत्व नको असते, त्यांना नीट बोलायचे असते.

छप्पन_मित्र

आपल्या शहराचे उदाहरण डोळ्यांसमोर असताना फार दूर जाण्याची गरज नाही. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ मध्ये पहिले आले आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे पहिलेच राहिले. कचरा गाडीवरचे गीत प्रत्येक मुलाला पाठ आहे. पण त्या गीताने परिणाम केला, कारण गीतापाठोपाठ गाडी खरोखर दारात येत होती. गाडी आली नसती, तर लोक आठवड्याभरात ते गीत ऐकेनासे झाले असते. नभोवाणीवर क्लबचे नाव कितीही वेळा आले, तरी श्रोत्याच्या वस्तीत सभा होत नसेल, तर त्या उल्लेखाचे पुढे काहीच होत नाही. सुदामानगर, अन्नपूर्णा, तिलकनगर या मराठी वस्त्यांत सभा सुरू कराव्यात, नाव आपोआप होईल.

राजवाडा_निवासी

सुरू कराव्यात हे खरे, पण नव्या क्लबला सनद मिळवण्यासाठी साधारण २० सदस्य लागतात, आणि मुख्यालयाचे शुल्क डॉलरमध्ये ठरत असल्यामुळे ते आपल्याकडे अनेकांना जड जाते. म्हणजे आधी माहिती, मग सदस्य, मग क्लब असा क्रम येतो, आणि माहितीचा प्रश्न टाळता येत नाही.

तिलकनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण मधल्या चर्चेमुळे तो मला अधिक स्पष्ट झाला आहे.

आमच्या क्लबमध्ये पाहुण्यांची वही असते आणि तीत 'क्लबविषयी कोठून कळले' असा रकाना आहे. हा धागा सुरू झाल्यावर मी जुन्या वह्या काढून पाहिल्या. जाहिरातीत नाव ऐकून आलेले पाहुणे आहेत, पण त्यांतले पुढे सदस्य झालेले क्वचितच आढळतात. सहकाऱ्याने, शेजाऱ्याने किंवा बहिणीने सांगितल्यावर आलेले पाहुणे मात्र टिकलेले दिसतात. हा एका क्लबचा अनुभव आहे आणि त्यावरून सर्वत्र तसेच असेल, असे मी म्हणणार नाही. पण त्याचे कारण मला दिसते: ज्याला ओळखीच्या माणसाने सांगितले, त्याला सभेत काय होते हे आधीच कळलेले असते. जाहिरातीने आलेल्याला ते कळलेले नसते.

म्हणून दुसऱ्यांच्या जाहिरातीत येणारा उल्लेख थांबवणे आपल्या हाती नाही आणि अनघाताईंचा अनुभव पाहता तो थांबवूही नये, पण क्लबने स्वतःची छोटी सूचना लिहावी आणि ती शेजारी बोलतो तशी लिहावी, असे मला वाटते. मी एक मसुदा देतो:

'दर रविवारी सकाळी दहा ते बारा, तिलकनगर. येथे कोणी शिक्षक नाही. सदस्य बोलतात, सदस्य ऐकतात आणि भाषणात काय चांगले झाले व काय सुधारता येईल, हे सदस्यच सांगतात. पाहुण्यांना शुल्क नाही. पहिल्या दिवशी बोलण्याची सक्ती नाही. कोर्स नाही, परीक्षा नाही.'

यात काय कमी-जास्त करावे?

डॉ_निमाड

'पहिल्या दिवशी बोलण्याची सक्ती नाही' हे वाक्य सर्वांत वर घ्यावे. घाबरलेला माणूस प्रथम तेच शोधतो.

फलकलेखक

'कोर्स नाही, परीक्षा नाही' हे काढावे. नकाराची वाक्ये जास्त झाली आहेत. त्याऐवजी भाषणाची वेळ लिहावी, म्हणजे पहिले भाषण केवळ चार ते सहा मिनिटांचे असते हे कळेल. चार मिनिटे हा आकडा वाचणाऱ्याला धीर देईल.

सुनीता_रामबाग

मसुदा हिंदीतही असावा, कारण आपले शेजारी हिंदी बोलणारे आहेत. आणि तो मराठी मंडळांच्या सूचनाफलकांवर जरूर लावावा. मी रामबागेतील आमच्या वाचनालयात लावण्याची जबाबदारी घेते.

अनघा_पलासिया

पदभरतीच्या जाहिरातींतून येणाऱ्यांसाठी क्लबच्या पानावर हाच मजकूर सर्वांत वर ठेवता येईल. मी नाव शोधले तेव्हा मला बक्षिसांची छायाचित्रे दिसली, सभेची वेळ मात्र बराच वेळ सापडली नव्हती. उल्लेख दुसऱ्याने केला तरी, शोधणाऱ्याला काय सापडावे हे आपल्या हाती असते.

शुभदा_अन्नपूर्णा

इतके दिवस केवळ वाचत होते, आता विचारते. माझ्या सासूबाई सत्तरीच्या आहेत. मंडळाच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन त्यांच्याकडे येते आणि दोन दिवस आधीपासून त्यांना झोप लागत नाही. इंग्रजी त्यांना समजते, पण बोलता येत नाही. त्या आल्या तर चालेल का? आणि मी सोबत बसले तर?

तिलकनगरकर

शुभदाताई, दोघीही अवश्य या. वयाची वरची मर्यादा नाही. आमच्या सभेत हिंदी आणि इंग्रजी दोन्ही चालतात आणि आयत्या वेळच्या विषयावर मराठीत बोलण्यासही आम्ही मुभा ठेवली आहे. सासूबाईंना पहिल्या दिवशी केवळ ऐकायचे असेल, तर दारातच मला तसे सांगावे, म्हणजे सभेचे सूत्रसंचालन करणाऱ्याला मी आधीच कळवून ठेवीन आणि त्यांचे नाव पुकारले जाणार नाही. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, म्हणून दहा मिनिटे आधी आलात तर बरे होईल.